धाकटीचा पांढरा फोटो

आमच्या घरात कोणाला हा आजार व्हायचाच असेल तर तो मला होणार, असं सगळ्यांनी मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. माझी मावशी त्यानेच गेली होती. शिवाय मी अंगाने जाड, छातीने भारी, पाळी जाऊन दोनेक वर्षं झालेली. माझी धाकटी जाऊ अगदी उलट. उंच, सडपातळ, पदर कायम कमरेला खोचलेला. चाळिशी ओलांडली होती, पण पाठमोरी दिसली तर कॉलेजातली पोरगी वाटावी. तिच्याकडे पाहून आजार हा शब्दसुद्धा कोणाच्या मनात येत नसे.

आम्ही राजूरला राहतो. माझे यजमान कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये आहेत, दीर चुनाभट्टीचा ट्रक चालवतात. दोघांची घरं पाठीला पाठ लावून, मागे अंगण एकच. मी वणीच्या एका शाळेत मराठी शिकवते. धाकटी खाणीवर ठेकेदाराकडे काम करणाऱ्या परप्रांतीय पोरांना जेवणाचे डबे पुरवायची. सकाळी मी शाळेच्या तयारीला लागायची तोवर तिचा अर्धा स्वयंपाक झालेला असे. घरात आम्ही अर्धं गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलतो, अर्धं वऱ्हाडीत. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण मला कधी ‘बाई’ म्हणायची, कधी रागावली तर ‘मास्तरीण’.

दुपारी खाणीत ब्लास्ट झाला की मांडणीवरचे पेले किणकिणतात. लग्न होऊन आले तेव्हा मी दचकायचे, पुढे सवय झाली. त्या वर्षी मात्र का कोण जाणे, मी पुन्हा दचकू लागले होते. शाळेला सुटी असली आणि दुपारी घरात एकटी असले की हात आपसूक छातीकडे जाई. मावशीचा चेहरा आठवे. शेवटी शेवटी तिच्या खोलीत उदबत्ती लावून ठेवावी लागत असे, ते आठवे.

अशात एका संस्थेची गाडी कॉलनीत आली. बायकांच्या छातीचा फोटो काढणारी मशीन गाडीतच बसवलेली होती. चाळिशीच्या वरच्या बायकांनी यावं, असं लाउडस्पीकरवर सांगत फिरले. मला जायचं होतं आणि जायची भीतीही वाटत होती. धाकटी म्हणाली, “चाल, मी येतो तुह्यासंगं. पोट्ट्यायचे डबे गेले की मोकळीच हाये.”

ती केवळ सोबतीला आली होती. रांगेत उभी राहिल्यावर तिथल्या नर्सने तिलाही विचारलं, तुमचं वय काय, आणि तिचंही नाव घेतलं.

आत थंडगार होतं. एका सपाट पाटीवर छाती ठेवायची, वरून दुसरी पाटी येऊन दाबते. कळ मस्तकात जाते, पण काही क्षणच. मशीनवरची मुलगी श्वास रोखायला सांगायची. माझ्यानंतर धाकटी गेली. बाहेर आली ती हसतच. म्हणाली, “भाकर थापते तशी थापली वं मले. आता भाजायचीच राह्यली.” रांगेतल्या बायका हसल्या. भीती जरा उतरली.

काही दिवसांनी फोन आले. माझा शाळेत मधल्या सुटीत आला. बोलणारी डॉक्टर शांत होती. डाव्या बाजूला एक बारीक ठिपका दिसतोय, नागपूरला येऊन पुढची तपासणी करून घ्या, घाबरू नका. मी घाबरले. त्यानंतरचा तास मी कसा घेतला, काय शिकवलं, मला काहीही आठवत नाही.

घरी आले तर धाकटी अंगणात भांडी पालथी घालत होती. तिलाही त्या दिवशीच फोन आला होता.

“तुले काय म्हणाली?” मी विचारलं.

“माह्यात काही दिसत नाही म्हने. छाती दाट हाये म्हनते.”

“दाट म्हणजे?”

“दाट म्हंजे भरीव असंल. चांगलंच असंल नं. पातळ कोनाले पाह्यजे?”

मी मराठीची बाई. दाट साय, दाट केस, दाट पीक, दाट सावली. या शब्दाचं बोट धरून वाईट काही येतं, असं मलाही कधी वाटलं नव्हतं. मी तिला माझं सांगितलं. ती हात पुसून माझ्याजवळ येऊन बसली.

नागपूरला सुई घातली, तुकडा तपासला. मावशीचाच आजार निघाला. पण डॉक्टरीण म्हणाली, फार लवकर सापडलाय. हाताला कधी लागलाही नसता. तुमचा फोटो इतका स्वच्छ आहे की एवढासा दाणाही उठून दिसला. गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढला, छाती राहिली. पुढे किरणांचा उपचार. त्यासाठी नागपूरला राहावं लागलं. हॉस्पिटलजवळ एका म्हाताऱ्या बाईकडे खोली भाड्याने घेतली आणि माझ्यासोबत राहिली धाकटी. यजमानांची रजा संपली होती. डब्यांचं काम तिने बंद ठेवलं.

त्या खोलीतले दिवस मला आता वेगळे दिसतात. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त मी होते. सकाळी ती मला धरून हॉस्पिटलात न्यायची. बाकावर बसून राहायची. परत आल्यावर भाजलेल्या कातडीवर सांगितलेलं मलम लावायची, तेही इतक्या हलक्या हाताने की लावलेलं कळू नये. वेणी घालायची. मी जेवले नाही तर ताट समोर धरून बसायची. त्याच खोलीत ती एकदा म्हणाली होती, “उजव्या कुशीवर झोपलं का काही तरी टोचते, गादीत सरकी राह्यली असंल.” मी म्हटलं, मालकिणीला सांग गादी बदलायला. मालकिणीने गादी बदलली. त्यानंतर ती त्याबद्दल काही बोलली नाही आणि डाव्या कुशीवर झोपू लागली. तिचं तोंड भिंतीकडे असायचं.

राजूरला परतलो तेव्हा बायका मला पाहायला येत. येताना कोणी संत्री आणी, कोणी बिस्किटं. पाहून झालं की धाकटीकडे वळून म्हणत, “तू बरी निघाली माय. नाही तर एका घरात दोघी.” ती हसून म्हणे, “माह्यं तर दाट हाये.” ती चेष्टा घरात चालू लागली होती. दीरसुद्धा कधी कधी चिडवायचे. तिने डबे पुन्हा सुरू केले. पण पीठ मळताना मधेच थांबायची, हात झटकायची. पाण्याची कळशी ती नेहमी उजव्या कमरेवर घ्यायची, ती डावीकडे घेऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, “थकली असन. नागपूरनं थकवलं.”

मग ती दुपार. रविवार होता. तिने चादरी धुतल्या होत्या आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालत होती. मी ओट्यावर बसून पेपर तपासत होते. चादर जड, पाणी निथळत होतं, तिचा पोलका भिजून अंगाला चिकटला होता. चादर तारेवर टाकायला तिने दोन्ही हात वर केले. उन्हात मला तिची उजवी छाती दिसली. डावीपेक्षा ती जरा वर ओढलेली होती, आणि खालच्या बाजूला एक खळी पडली होती. आतून कोणी दोरा ओढून धरावा, तशी.

ही खळी मी पाहिलेली होती. मावशीची. लहानपणी तिला न्हाऊ घालताना. मला तेव्हा ती सुंदर वाटली होती.

मी पेन खाली ठेवला. तिला हाक मारली आणि आत नेलं. दार लावलं. “पोलका काढ,” म्हटलं.

“कायले?”

“काढ म्हटलं नं.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हुक काढले. मी हात लावला. सुपारीएवढं, दगडासारखं, न हलणारं. खाणीत ब्लास्ट झाला, पेले वाजले. माझा हात तिथेच राहिला होता.

“केव्हापासून हाये हे?”

“माहीत नाही. दुखत नाही नं. म्हनून मी ध्यान नाही देल्लं.” थोडं थांबून ती म्हणाली, “पाळी येते तवा गाठी होतेच मले. येते, जाते.”

“हे गेली नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “हे नाही गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघी नागपूरला गेलो. वरोऱ्यापर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत होती. डबे कोण करणार, एवढंच तिने दोनदा विचारलं.

माझीच डॉक्टरीण होती. तिने तपासलं, फोटो काढायला पाठवलं, लगेच सोनोग्राफीलाही. मग आम्हाला आत बोलावलं. संस्थेकडून जुने फोटोही तिने मागवून घेतले होते. तिने संगणकावर आधी माझा पहिला फोटो लावला. काळसर, राखाडी, धुरासारखा, आणि त्यात एक पांढरा कण. कोणीही बोट ठेवून दाखवला असता. मग त्याच दिवशी काढलेला धाकटीचा फोटो लावला. मी थबकले. तो सगळा पांढरा होता. धुक्यात हेडलाइट लावल्यावर समोर जे दिसतं, तसा. नंतर आजचा लावला. तोही तसाच पांढरा.

“याच्यात गाठ कुठं हाये?” धाकटीने विचारलं.

“आहे. पण यात दिसत नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “चरबी फोटोत काळी येते. दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे येतात. आणि गाठही पांढरीच येते. यांच्या छातीत चरबी जास्त, म्हणून यांचं सापडलं. तुमच्या छातीत ग्रंथी आणि तंतू जास्त. आम्ही त्यालाच दाट म्हणतो. बारीक अंगाच्या, पाळी चालू असलेल्या बायकांत असं बऱ्याचदा असतं. हाताला ते कळत नाही. घट्ट असो, सैल असो, मोठी असो, लहान असो, त्याचा संबंध नाही. ते फोटोतच कळतं.”

“मंग ते आजार हाये का?”

“नाही. कितीतरी बायकांची छाती दाट असते आणि बहुतेकींना काही होत नाही. पण दोन गोष्टी असतात. एक तर त्यात गाठ लपते. आणि दुसरं, ज्यांची फार दाट असते त्यांना हा आजार व्हायचा धोकाही इतरांपेक्षा थोडा जास्तच असतो.”

मी म्हटलं, “हिला तर काही दिसत नाही म्हणून सांगितलं होतं.”

डॉक्टरीण म्हणाली, “खरंच सांगितलं होतं. काही दिसत नव्हतं. काही नाही, असा त्याचा अर्थ नव्हता.”

आयुष्यभर मी पोरांना वाक्यांचे अर्थ लावायला शिकवत आले. हे वाक्य घरात महिनोन्‌महिने पडून होतं आणि आम्ही दोघी त्यावर हसत होतो.

“तेव्हा गाठ होती का आत?” मी विचारलं.

“असेल. नसेलही. या पांढऱ्यातून मी आज ते सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही.”

सोनोग्राफीत मात्र गाठ स्वच्छ दिसली होती. तिथे पांढऱ्यात काळी. कडा वेड्यावाकड्या. काखेतही एक होती.

बाहेर येऊन आम्ही लिंबाखालच्या बाकावर बसलो. सुईने काढलेले तुकडे तपासायला गेले होते, पण दोघींनाही उत्तर माहीत होतं. धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“त्या डॉक्टरनं फोनवर अजून एक सांगतलं होतं,” ती म्हणाली. “दाट हाये तर सोनोग्राफी करून घेतलेली बरी.”

“हे तू मले सांगितलं नाही.”

“तुले त्याच दिशी कळलं होतं. तू कशी दिसत होती तवा, मले माहीत हाये. तुले नागपूरले न्यायचं होतं. म्हनलं, तू आधी बरी हो, मंग पाहू. आन् दिसत तर काही नव्हतं. मंग घाई कायची?”

त्या फोननंतर आमच्या घरातला प्रत्येक माणूस माझ्याभोवती उभा होता आणि सगळ्यांत जवळ ती होती.

तिचं सगळं माझ्यापेक्षा अवघड झालं. आधी सलाइनमधून औषधं, मग ऑपरेशन, पुन्हा औषधं, किरणं. तिची उजवी छाती पूर्ण काढावी लागली. औषधाच्या दुसऱ्या खेपेनंतर उशीवर केसांचे पुंजके सापडू लागले, तेव्हा तिने स्वतःच दिरांना सांगून डोक्यावरून मशीन फिरवून घेतली. दीर बोलके नव्हतेच, ते पार गप्प झाले. मात्र एक केलं. ट्रकच्या फेऱ्या कमी करून त्यांनी तिचे डबे चालू ठेवले. वरणात मीठ कधी दुप्पट, कधी नाहीच. पोळ्या नकाशासारख्या. परप्रांतीय पोरांनी कुरकुर न करता खाल्लं. एकाने तर छठपूजेला गावी जाऊन आल्यावर ‘भाभीजी’साठी ठेकुआ, तिकडचा गुळाचा तळलेला प्रसाद, आणला. तिला तेव्हा पाणीही पोटात ठरत नव्हतं, तरी तिने तो उशाशी ठेवला.

आता नागपूरच्या बाकावर बसायची पाळी माझी होती. मी काय करावं हे मला माहीत होतं, कारण ते सगळं मी तिच्याकडूनच शिकले होते. एक मात्र मला जमलं नाही. ती मला हसवायची. मला तिला हसवता आलं नाही.

ती वाचली. हे मी आज लिहू शकते. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. डबे पुन्हा तिच्या हातात गेले, फक्त संख्या कमी केली. उजवा हात सुजू नये म्हणून जड उचलायचं नाही, एवढं पथ्य. पण डावी छाती आहे, आणि तीही तशीच दाट. पाळी औषधांनीच बंद पडली, वय वाढेल तसं दाटपण कमी होत जातं असं डॉक्टरीण म्हणते. अजून ते फार कमी झालेलं नाही. ठरल्या वेळी आम्ही जातो. फोटो निघतो, पांढरा. मग सोनोग्राफी, एकदा एमआरआयही. मशीन फिरत असताना मी बाहेर बसते आणि दाराच्या मुठीकडे पाहत राहते. ‘आज ठीक आहे,’ असं डॉक्टरीण सांगते. ‘ठीक आहे’ एवढंच ती कधी म्हणत नाही, आणि आम्हीही आता आग्रह धरत नाही.

डॉक्टरणीने तिला बहिणींबद्दल विचारलं होतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यात तिची एक सख्खी बहीण आहे, दोन वर्षांनी लहान. अंगकाठी तीच, उंची तीच. फोनवर चार-पाचदा सांगूनही ती आली नाही. म्हणून गेल्या फाल्गुनात आम्ही दोघीच गेलो. दोन बस बदलून, यवतमाळवरून. बहीण हळद शिजवत होती. वाफेत उभी, हात कोपरापर्यंत पिवळे. आम्हाला पाहून तिला आनंद झाला, पण कशाला आलो ते ऐकल्यावर तिने तोंड फिरवलं.

“मले काय झालं? नखात रोग नाही,” ती म्हणाली. “तुले झालं म्हनून सगळ्यायले होते का?”

दोघी मग गोरबोलीत भांडल्या. भांडण म्हणजे बहीणच बोलत होती. धाकटी ऐकत राहिली. मग तिने बहिणीचा हात धरला आणि तिला घरात नेलं. मीही मागे गेले. कुडाच्या आतल्या अंधारात धाकटीने पोलक्याचे हुक काढले आणि बहिणीकडे तोंड करून उभी राहिली. उजवीकडे सपाट, आडवा, गुलाबी व्रण. बहिणीने आजवर तो पाहिला नव्हता. ती पिवळ्या हातांनी तोंड झाकून खाली बसली.

“याडीले सांगू नको,” धाकटी आईबद्दल म्हणाली. “चांगलं लुगडं काढून ठेव. सकायी यवतमाळले जायचं हाये.”

यवतमाळला फोटो निघाला. मी तो पाहिला. तोच, पांढरा. या वेळी कोणाला काही विचारावं लागलं नाही. धाकटीने तिथल्या डॉक्टरला स्वतःचं सगळं सांगितलं आणि सोनोग्राफी आजच करा म्हणाली. बहीण आत गेली. आम्ही दोघी बाहेर. शेजारी एक लेकुरवाळी बाई पोराला भरवत होती. धाकटी त्या पोराकडे पाहत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं.

आज काही नाही, असं डॉक्टरने सांगितलं. पाण्याच्या दोन बारीक गाठी आहेत, त्या साध्या आहेत, तरी सहा महिन्यांनी दाखवून जा. फोटो आणि सोनोग्राफी, दोन्ही.

परतीच्या बसमध्ये बहिणीला आम्ही मधे बसवलं. ती खुशीत होती. स्टँडवर घेतलेले भजे खात म्हणाली, “बरं हाये म्हनलं नं त्यानं. मंग सहा महिन्यानं कायले?”

“या म्हनलं का यायचं,” धाकटी म्हणाली. “मी येईन घ्यायले.”

आर्णी मागे पडली. बाहेर कापसाच्या पऱ्हाटीची वाळलेली रानं, कुठे तुराट्यांचे ढीग. बहिणीचं बोलणं हळूहळू थांबलं. भज्यांचा कागद तिने चुरगाळून खिडकीबाहेर टाकला आणि समोर पाहत बसली. थोड्या वेळाने मला दिसलं, तिचा हात सावकाश पदराखाली छातीकडे गेला होता आणि तिथेच थांबला होता. बोटांना अजून हळद होती. तिच्या पलीकडे बसलेल्या धाकटीनेही ते पाहिलं. आमची नजरानजर झाली.